सीरियन आजीकडून गोष्ट कशी मिळवायची आणि मिळाली की टिकवायची कशी

आधीच सांगून ठेवते, "आजी, एखादी जुनी गोष्ट सांगा ना" असं म्हणून फोन पुढे सरकवलात तर फारसं काही हाती लागणार नाही. फार तर शातिर हसन या लोककथेतल्या नायकाची चार वाक्यांची गोष्ट मिळेल, जी सगळ्यांनाच माहिती असते, आणि मग "आता कुठे काय आठवतंय, गेले ते दिवस" म्हणून ती उठून चहा टाकायला जाईल. आणि आपण समजतो की हिला काही येत नाही. येतं हो, भरपूर येतं, पण तिच्या डोक्यात त्यावर 'गोष्ट' अशी चिठ्ठी लावलेलीच नसते. ते सगळं मलूखियाची, म्हणजे एका पालेभाजीची, पानं खुडताना, मकदूस म्हणजे तेलात मुरवलेली वांगी भरताना, कॉफीचा कप बशीवर उपडा घालून गाळाचं भविष्य बघताना बाहेर येतं. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या लोकांना हे चांगलं माहितीये, बाईला खुर्चीत बसवून ओवी मागितली तर सुचत नाही, जातं फिरायला लागलं की आपोआप येते. तसंच हे. म्हणून गोष्ट मागायची नाही, तिच्याबरोबर कामाला बसायचं. माईक, फाइल, बॅकअप वगैरे सगळं त्याच्यानंतर.

हे लिहायचं कारण म्हणजे आपली बरीच मंडळी आता अशा ठिकाणी आहेत जिथे शेजारी सीरियन कुटुंब असतं, कोणी जर्मनीत शिकतंय, कोणी जॉर्डनमध्ये संस्थेत काम करतंय, कोणी नुसतंच व्हॉलंटियर म्हणून रिफ्युजी महिलांच्या गटात जातंय, आणि "आपण यांच्या आठवणी जपायला हव्यात" असं वाटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

हे एवढं महत्त्वाचं का

मार्च २०११ मध्ये दरा शहरात आंदोलन पेटलं, मग युद्ध, आणि डिसेंबर २०२४ मध्ये असद सरकार पडेपर्यंत देशातले निम्म्याहून जास्त लोक कधी ना कधी घराबाहेर पडले होते, काही देशातच दुसरीकडे, काही तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डन, जर्मनी. अलेप्पोचा जुना बाजार सप्टेंबर २०१२ मध्ये जळला, तिथल्या उमय्यद मशिदीचा मिनार एप्रिल २०१३ मध्ये कोसळला, पालमिराचं बेल मंदिर ऑगस्ट २०१५ मध्ये उडवलं. याबद्दल जगभर हळहळ झाली आणि व्हायलाच हवी होती. पण दगडांचे निदान फोटो आहेत, नकाशे आहेत, बर्लिनच्या इस्लामिक कला संग्रहालयात २०१३ पासून सीरियन वारशाचे जुने फोटो नि कागद डिजिटल करायचं काम सुरू झालं. अलेप्पोच्या एखाद्या गल्लीत लग्नाच्या आदल्या रात्री बायका काय म्हणायच्या याचा फोटो कोण काढणार?

पुरुषांच्या गोष्टींना जागा होती हे पण लक्षात घ्या. दमास्कसला उमय्यद मशिदीच्या मागे नौफरा कॅफे आहे, तिथे हकावाती म्हणजे कथेकरी उंच खुर्चीवर बसून अंतर नावाच्या योद्ध्याच्या आणि सुलतान बैबर्सच्या कथा सांगायचा, हातात पुस्तक, अधूनमधून तलवार आपटायची. टुरिस्ट बघायला जायचे, डॉक्युमेंटरी झाल्या. बायकांच्या गोष्टींना मंच नव्हता. सकाळच्या कॉफीची बैठक म्हणजे सुबहिया, दमास्कसच्या घरांतला पाहुण्यांचा ठरलेला दिवस म्हणजे इस्तिकबाल, हमामातली दुपार, आणि मुलं झोपवायची वेळ, बास. घर गेलं, शेजार पांगला, की ती बैठकच उरत नाही आणि बैठक नसली की गोष्टीला निमित्त राहत नाही. आपलं काम बरंचसं ती बैठक परत जमवायचं आहे.

जायचं कुणाकडे, बोलायचं कसं

ओळखीशिवाय जाऊ नका. कुणाच्या तरी मार्फत जा, शक्यतो बाईनेच जा, आणि पहिल्या भेटीला रेकॉर्डर बॅगेतूनसुद्धा काढू नका. मोठ्या मुलाच्या नावावरून हाक मारायची पद्धत आहे, म्हणजे मुलगा खालिद असेल तर उम्म खालिद, तिला नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाच वाटेल. तुमच्या वयाच्या मानाने ती मावशीसारखी असेल तर खालतो, आजीएवढी असेल आणि तिने स्वतः म्हटलं तर तेता. कॉफी आली की घ्यायची, नको नको करत बसायचं नाही. आणि एक, उम्म अमुक म्हणताना तो मुलगा आज जिवंत आहे का, बेपत्ता आहे का, हे ज्यांच्या ओळखीने जाताय त्यांना आधी विचारून घ्या. एक लाखाहून जास्त सीरियन लोक बेपत्ता आहेत, त्यांचा शोध घ्यायला संयुक्त राष्ट्रांना २०२३ मध्ये वेगळी संस्था काढावी लागली, तेव्हा ही शंका उगाच नाही.

भाषेचं आधीच विचारा. "सीरियन म्हणजे अरबी" असं धरून गेलात तर बरेच लोक सुटतील. कामिश्ली, कोबानी, आफ्रीनकडच्या बायका घरात कुर्मांजी कुर्दिश बोलतात, आणि ती भाषा अनेक दशकं शाळेत शिकवायला बंदी होती, १९६२ च्या जनगणनेत हसाकामधल्या लाखाच्या वर कुर्दांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे जे काही उरलंय ते आयांच्या तोंडूनच उरलंय. अलेप्पोत आर्मेनियन कुटुंबं आहेत, त्यांच्या पणज्या १९१५ च्या नरसंहारातून वाचून आलेल्या, म्हणजे एका घरात दोन विस्थापनांच्या आठवणी. मालूला, जुब्बादीन, बखआ या तीन गावांची बोली पश्चिमी आरामाईक, म्हणजे अरबीहून वेगळी, फार जुनी भाषा, तशी जिवंत बोली दुसरीकडे कुठेच नाही आणि ती गावंही युद्धात सापडली. आणि अरबीतसुद्धा दमास्कसची बाई शब्दातला 'काफ' गिळून टाकते, सुवैदाची बाई तो ठणठणीत उच्चारते. या फरकांवरून सीरियन माणूस समोरच्याचं गाव ओळखतो. म्हणून तिला "नीट शुद्ध अरबीत सांगा" असं कधीही म्हणायचं नाही, दुभाष्यालाही म्हणू द्यायचं नाही.

दुभाष्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. तिच्याच मुलाला किंवा मुलीला दुभाषी करू नका. पोरं भाषा पटकन शिकतात म्हणून सगळीकडे तेच चालतं, सरकारी ऑफिसात, डॉक्टरकडे, पण इथे नको. एक तर पोरासमोर ती अर्ध्या गोष्टी गाळणार, आणि जी गोष्ट तिने त्याच्यापासून दहा वर्षं लपवली ती त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची हे क्रूर आहे. नातवंडं ऐकायला बसली तर उत्तम, त्याच्यासारखा श्रोता नाही, कारण ती मध्येच "म्हणजे काय?" विचारतात आणि आजीला खुलासा करावा लागतो. पण भाषांतर दुसऱ्या कुणी तरी करावं, बाईने, आणि जिच्यासमोर बोलायला तिला भीती वाटणार नाही अशा बाईने. कोण कुठल्या गावची, कुठल्या बाजूची, हे सीरियन लोकांत अजून नाजूक आहे, दुभाषी ठरवायच्या आधी तिलाच विचारा की ही चालेल का.

आता कामाला बसायचं

मकदूसचं उदाहरण घेते कारण ते मला सगळ्यात फळलेलं दिसतं. उन्हाळा संपता संपता सीरियन घरात मूने चालू होतं, म्हणजे वर्षाची साठवण, आणि त्यात मकदूस हवंच. छोटी वांगी उकडायची, देठ काढायचे, पोटाला चीर देऊन आत मीठ लावायचं, मग चाळणीत रचून वर वजन ठेवायचं म्हणजे पाणी गळून जातं. ते नीट निथळलं की अक्रोड, लाल मिरची, लसूण यांचं सारण भरायचं, बरणीत गच्च बसवायची, बरणी उपडी करून उरलंसुरलं पाणी काढायचं आणि मग वरपर्यंत ऑलिव्ह तेल. हे काम एकटीने कोणी करत नाही आणि घाईतही होत नाही, मध्ये थांबावं लागतं, हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं, आणि समोरासमोर बघायची सक्ती नसते, ज्याला कठीण गोष्ट सांगायची असते त्याला हे फार बरं पडतं.

इथे प्रश्न विचारायचे ते वस्तूंचे विचारा. वजन म्हणून काय ठेवायचात? अक्रोड कोण फोडायचं? तेल कुठून यायचं, इदलिबचं की आफ्रीनचं, ओळखीच्या माणसाकडून की बाजारातून? पहिली बरणी कोणाकडे जायची? सासूची पद्धत वेगळी होती का? (हा शेवटचा प्रश्न विचारला की मग तुम्हाला तासभर काही विचारावं लागत नाही.) वजनाचा तो दगड अंगणात कुठे असायचा इथून घराचं वर्णन सुरू होतं, तेलवाल्या माणसापासून गावाचं, आणि "एका वर्षी अक्रोड परवडेनात म्हणून शेंगदाणे घातले" हे वाक्य आलं की युद्धातली महागाई, वेढा, रांगा हे सगळं तिच्याच मापाने येतं, तुम्ही 'युद्ध' हा शब्द न काढता. रेसिपी लिहून घ्या हो, पण रेसिपीसाठी आलो होतो असं करू नका, म्हणजे बाई बोलत असताना "किती चमचे?" विचारून तिचा धागा तोडू नका. प्रमाण नंतर विचारता येतं.

मकदूसचा हंगाम नसेल तर यालंजीसाठी द्राक्षाची पानं गुंडाळणं, ईदच्या आधी मामूल म्हणजे सारण भरलेली बिस्किटं साच्यात दाबणं, काहीही चालेल. कामच नको असेल तर कागद आणि पेन्सिल. घर काढायला सांगा. दमास्कसच्या किंवा अलेप्पोच्या जुन्या घरातली बाई असेल तर मधोमध अंगण काढेल, अर्द दियार, त्यात बहरा म्हणजे छोटं कारंजं, नारंजाचं झाड, एका बाजूला उघडा लीवान, म्हणजे बसायची ओसरी. "मला चित्र काढता येत नाही" असं प्रत्येक जण म्हणते, म्हणू द्या, चौकोन तुम्ही काढा आणि दार कुठे ते विचारा, पेन्सिल आपोआप तुमच्या हातातून जाते. मग कोणाची खोली कुठली, गच्चीवर काय वाळायचं, शेजारणीला हाक कुठून मारायची, भांडण झालं की कोण कुठे जाऊन बसायचं. बोलता बोलता ती खोल्यांवरून बोट फिरवते आणि एखाद्या खोलीशी थांबते, तिथे गप्प राहा. त्या कागदाचा फोटो काढून रेकॉर्डिंगबरोबर ठेवा, नाहीतर नंतर ऐकताना "इथे होतं बघ, आणि तिकडे ते" याचा काही अर्थ लागत नाही.

गाणी-बिणी घ्यायची असतील तर लग्नापासून सुरुवात करा. सीरियात आणि आसपासच्या शाम प्रदेशात लग्नात बायका आवीहा म्हणतात, चार छोट्या ओळी, प्रत्येक ओळीच्या आधी लांबवलेलं "आवीहा" आणि चौथ्या ओळीनंतर सगळ्या जणी मिळून जीभ हलवत लिलिलिलीश. त्यात नवरीचं कौतुक असतं, सासरच्यांना टोमणे असतात, कधी ऐनवेळी रचलेली ओळ असते. एकटीला म्हणायला लाज वाटते, चार जणी असल्या की एक सुरू करते आणि दुसरी "आमच्याकडे असं नाही म्हणत" म्हणून आपली सांगते. हे भांडण म्हणजे सोनं. दरा, होम्स, अलेप्पोच्या बायका एकत्र बसवा आणि किब्बे (खिमा आणि दलियाचा पदार्थ) कोणाचं खरं एवढा विषय काढा, पुढचं त्या बघतील. अंगाई, कोडी, म्हणी, घूल म्हणजे राक्षसाच्या गोष्टी, कोणाला काय टोपणनाव होतं आणि का, हे सगळं गटात जास्त येतं. पाच-सहा जणी पुरे, त्याच्या वर गेलं की रेकॉर्डिंगमध्ये कोण बोलतंय ते कळत नाही. एक मात्र करू नका, "येताना घराची चावी किंवा घरून आणलेली वस्तू घेऊन या" असा आग्रह. संस्थांच्या फोटोंमुळे हे फार बोकाळलंय. ज्यांना रात्रीतून निघावं लागलं त्यांच्याकडे काहीच नसतं आणि रिकाम्या हाताने गोलात बसायला वाईट वाटतं.

एकच गोष्ट तिघींनी तीन प्रकारे सांगितली तर तिन्ही ठेवा. त्यातली मूळ कुठली ते ठरवत बसायचं कारण नाही.

युद्धाचं निघालं तर

निघणारच. तुम्ही काढू नका, तिने काढलं तर अडवू नका. रडायला आलं तर पाणी द्या, रेकॉर्डिंग बंद करू का विचारा, आणि तिच्या उत्तराप्रमाणे करा, कारण काही जणी म्हणतात चालू ठेव, हे राहिलं पाहिजे. बैठक त्या जागेवर संपवून उठू नका, परत कामावर या, वांग्यांवर, नातीच्या शाळेवर. आणि मानसिक मदत कुठे मिळते याचा पत्ता-फोन आधीच माहिती असू द्या.

तुरुंग, छळ, बलात्कार याबद्दल साक्ष घ्यायचं काम आपलं नाही, हे मी ठामपणे सांगते. त्याला प्रशिक्षण लागतं, आणि एकाच बाईची हकीकत पाच हौशी लोकांनी पाच वेळा घेतली तर तिला पाचदा तेच भोगावं लागतं आणि उद्या कोर्टात तपशिलातल्या फरकावरून तिलाच खोटी पाडतात. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांची माहिती कशी घ्यायची यासाठी २०२२ मध्ये मुराद कोड नावाची आचारसंहिता आली आहे, ती वाचा, निदान काय करू नये ते कळेल. तिला साक्ष द्यायची असेल तर योग्य संस्थेशी गाठ घालून द्या आणि बाजूला व्हा. खोटी आशाही नको. "तुमची गोष्ट जगाला कळली की मदत येईल", "केसला उपयोग होईल" असलं काहीही बोलायचं नाही.

परवानगी म्हणजे सही नव्हे

फॉर्मवर सही घेऊन मोकळं व्हायची सवय असते सगळ्यांना. ज्या लोकांनी अख्खं आयुष्य भिंतीला कान असलेल्या देशात काढलं, १९८२ मध्ये हमा शहरात सरकारने केलेल्या कत्तलीबद्दल घरातसुद्धा कुजबुजत बोलले, त्यांना कागदावरची सही म्हणजे आश्वासन वाटत नाही, धोकाच वाटतो. तोंडी परवानगी रेकॉर्ड करा, तिच्या भाषेत, आणि प्रश्न सुटे सुटे विचारा: आवाज ठेवू का? नाव खरं की दुसरं? फक्त घरच्यांसाठी, की अभ्यासकांना चालेल, की इंटरनेटवर सगळ्यांना? चेहरा? फोटो? गाणी सगळ्यांना आणि भावाची हकीकत फक्त मुलांना, असं वेगवेगळं उत्तर येऊ शकतं आणि तसंच पाळायचं. मग काही दिवसांनी परत विचारा, कारण बैठकीच्या भरात हो म्हटलेलं रात्री टोचतं. सरकार बदललं म्हणून भीती संपली असं धरू नका, तिची माणसं कुठल्या गावात कोणाच्या शेजारी राहतात ते तिलाच माहिती.

ते घराचं चित्र, शेजाऱ्यांची नावं, हेही जपून. पुनर्विकासासाठी लोकांच्या जागा घेऊ देणाऱ्या २०१८ च्या कायदा क्रमांक १० नंतर कोणतं घर कोणाचं हा प्रश्न फार पेटलेला आहे. आणि फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती आपोआप भरली जाते, ती सेटिंगमधून आधीच बंद करा.

पैशांचं काय, असं विचारतात. गोष्टीला भाव लावू नका, पण तिचा येण्याजाण्याचा खर्च, मुलं सांभाळायची सोय, आणि प्रोजेक्टला फंड असेल तर तिच्या वेळेचे पैसे द्या. फोटोग्राफरला मिळतात, प्रोफेसरला मिळतात, आणि जिच्या डोक्यातलं घेतोय तिला सर्टिफिकेट आणि बिस्किटं, हे बरं नाही.

रेकॉर्डिंग

यात फार अडकू नका. साधा फोन चालतो, पण एअरप्लेन मोडवर टाका, वेव फॉरमॅट देणारं ॲप घ्या, आणि जमलं तर कॉलरला लावायचा छोटा माईक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवलं तर तासाला साधारण ५०० एमबी होतात, जागा बघून ठेवा. फ्रिज आणि टीव्ही हे शत्रू, वाट्या-चमच्यांचा आवाज चालेल, तो त्या बैठकीचाच भाग आहे, फक्त माईक टेबलावर ठेवू नका नाहीतर प्रत्येक ठोका बंदुकीसारखा येतो. एक मिनिट घेऊन हेडफोनने ऐकून बघा आणि मग सुरू करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, कोण कोण आहे ते बोलून घ्या. नंतर मागे बासरी-बिसरी लावून एडिट करू नका, प्लीज.

आता महत्त्वाचं, जे बहुतेक लोक विसरतात. सीरियन कुटुंबांच्या निम्म्या गोष्टी आधीच रेकॉर्ड झालेल्या आहेत, व्हॉट्सॲपवर. मावशी इदलिबला, बहीण स्वीडनला, आई अम्मानला, आणि सगळं चालतं व्हॉइस मेसेजवर, त्यात पाककृती आहेत, अंगाया आहेत, कोण वारलं ते आहे. फोन हरवला की सगळं गेलं. म्हणून तिला विचारा की असे जुने मेसेज ठेवायचेत का, आणि तिच्या समोर बसून चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून द्या, तारखा बघून फोल्डर लावा. मात्र त्यात दुसऱ्यांचे आवाज आहेत, त्यांनाही विचारायला हवं. ती एक्सपोर्ट केलेली फाइल तुमच्या लॅपटॉपवर नाही घ्यायची, तिच्या पेन ड्राइव्हवर द्यायची.

लिहून काढणं

एका तासाच्या रेकॉर्डिंगला लिहायला पाच-सहा तास सहज जातात, बोली कठीण असेल तर जास्त. सगळं लगेच लिहायची गरज नाही, आधी नुसती यादी करा, तिसऱ्या मिनिटाला आवीहा, दहाव्याला विहीर, असं. मग महत्त्वाचे तुकडे तिच्या बोलीत जसेच्या तसे लिहा, अरबी असेल तर अरबी लिपीत, पण व्याकरण सुधारून पुस्तकी अरबी करायची नाही. कुर्मांजी असेल तर रोमन लिपीत लिहितात, दमास्कसहून १९३२ मध्ये निघालेल्या हावार मासिकापासून ती पद्धत रुळली. मग भाषांतर. मूळ आवाज, मूळ भाषेतला मजकूर आणि भाषांतर या तीन गोष्टी कायम जोडून ठेवायच्या. रेकॉर्डिंगमधल्या नेमक्या वेळेशी मजकूर जोडायला इलान नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्सच्या मॅक्स प्लांक संस्थेचं, शिकायला एक दुपार द्यावी लागते पण नंतर फार सोपं जातं.

प्रत्येक फाइलबरोबर एक साधा कागद हवा: सांगणारी कोण (किंवा तिने निवडलेलं नाव), मूळ गाव, भाषा, कुठे-केव्हा सांगितलं, कोण ऐकत होतं, हातात काय काम चालू होतं, आणि तिने हे कोणाकडून ऐकलं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. अलादीन आणि अलीबाबाच्या गोष्टी १७०९ मध्ये पॅरिसला अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने आंत्वान गालाँला सांगितल्या, गालाँने छापलेल्या पुस्तकात त्याचं नाव घातलं नाही, फक्त स्वतःच्या डायरीत लिहिलं म्हणून तो आज आपल्याला कळतो. दियाबला त्या कुठल्या आजीने, कुठल्या शेजारणीने सांगितल्या असतील ते विचारायची सोयच राहिली नाही.

ठेवायचं कुठे

यूट्यूब म्हणजे अर्काइव्ह नाही. २०१७ मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक सिस्टीमने सीरियन युद्धाचे असंख्य व्हिडिओ उडवले, लोकांनी जीव धोक्यात घालून काढलेले. तिथे दाखवायला टाका हवं तर, परवानगी असेल तर, पण तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. ज्या फायलींत नावं आहेत त्यांना पासवर्ड. नावं आणि कोड नंबर यांची यादी वेगळ्या जागी, त्याच फोल्डरमध्ये अजिबात नको.

पहिली प्रत तिची. लिंक पाठवू नका, तिच्या फोनवर वाजेल अशी फाइल द्या, आणि शेजारी बसून एकदा पूर्ण ऐका. ऐकताना ती बरंच काही काढायला सांगते ("हे जावेबद्दल बोलले ते काढ बाई") आणि त्याहून जास्त नव्याने सांगते, म्हणून या बैठकीलाही रेकॉर्डर न्या, विचारून. नातवंडं जर्मन किंवा तुर्की बोलत मोठी होतायत, त्यांच्यासाठी पाच मिनिटांचा एक तुकडा वेगळा काढून द्या, पूर्ण दोन तास कोणी ऐकत नाही. मोठ्या अर्काइव्हला द्यायचं असेल आणि भाषा आरामाईकसारखी धोक्यातली असेल तर एंडेंजर्ड लँग्वेजेस आर्काइव्ह आहे, पूर्वी लंडनला होतं, २०२१ पासून बर्लिनला, तिथे कोणाला काय दिसावं याच्या पायऱ्या ठरवता येतात. देण्याआधी तिच्याशी परत बोलायचं.

आता बरीच कुटुंबं सीरियात परतायला लागली आहेत. परतणाऱ्या बाईला जायच्या आधी तिच्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर द्या आणि विचारा की सीमेवर त्या सोबत असणं तिला चालेल का, नसेल चालणार तर मागे राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. तिकडून तिने कधी निरोप पाठवला की माझं काढून टाक, तर कारण विचारू नका. तिन्ही ठिकाणांहून काढा, लिहिलेला मजकूर आणि घराच्या नकाशाचा फोटोसुद्धा, अर्काइव्हला कळवा, आणि झालं की तिला फोन करून सांगा.